कॅमेऱ्याला घरगुती इरलं: तुमच्याकडे कोणतं टिकलं?

दुसरा_मजला_दांडियाबाजार · १४ जून, रात्री १०:२०

मंडळी, वडोदऱ्यातल्या आणि बाहेरच्याही अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे.

आमची सोसायटी दांडिया बाजारात. जुना वाडा पाडून बांधलेली, बारा घरं. सेक्रेटरीपद माझ्याकडे आहे, कारण तीन वर्षांपूर्वी बैठकीला मी उशिरा पोचलो. बाहेर सीसीटीव्हीचे चार बुलेट (नळकांड्यासारखे लांबट) कॅमेरे आहेत: एक फाटकावर, दोन पार्किंगच्या भिंतीला, एक मागच्या गल्लीत. गेल्या पावसाळ्यात पार्किंगचे दोन्ही गेले. लावून देणारा आला, शिडीवर न चढताच खालून बघून म्हणाला, "काका, पाणी गयुं छे. आखो कॅमेरो बदलवो पडशे." बदलले. साडेचार हजार गेले आणि बैठकीत मला दोन तास ऐकून घ्यावं लागलं.

यंदा पाऊस सुरू व्हायच्या आत कॅमेऱ्यांना इरली करायचं मनावर घेतलंय. आत्तापर्यंतचे प्रयोग असे. पहिला, सिंगतेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा आडवा कापून कॅमेरा आत. दिवसा ठीक, रात्री चित्र दुधात बुडवल्यासारखं पांढरंफटक. मग जाड पॉलिथिनची पिशवी घातली, मागे रबरबँड, पुढे भोक पाडून. वळवाच्या एका सरीनंतर सकाळी बघतो तर पिशवीच्या आत दव, लेन्सवर थेंब. तिसरा प्रयोग पत्र्याचा. उरलेला तुकडा वाकवून वर छज्जासारखा लावला. हा सगळ्यात बरा, पण सर आली की ताशा वाजतो आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंची झोप मोडते.

आणखी एक भानगड. मागच्या गल्लीतला कॅमेरा दिवसभर छान चालतो. दिवेलागणीला बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. सकाळी शहाण्यासारखा सुरळीत. त्याच्यातही पाणी शिरायला लागलंय असं वाटतं, म्हणून त्याचं इरलं आधी करायचं आहे.

कशाचं करू? कसं करू? विकतचं नको, सोसायटीकडून आता पाच रुपयेही सुटणार नाहीत.

तिखट_शेवउसळ · १४ जून, रात्री १०:३१

काका, सिंगतेलाचा भाव बघता चोर कॅमेरा सोडून डबाच घेऊन जाईल.

निळी_छत्री · १४ जून, रात्री १०:५८

मी अलकापुरीत राहते. आमच्या दारावरच्या कॅमेऱ्याला मी स्वतः मशीनवर रेक्झिनचं टोपरं शिवलंय. आतून अस्तर, मागे वेल्क्रो, पुढे शोकेसवर लावतात तसं पारदर्शक प्लास्टिक. दिसतं फार गोड. बाळाच्या टोपऱ्यासारखी झालरही लावली होती, ती यजमानांनी काढायला लावली. पण तुमच्यासारखंच, रात्री काही दिसत नाही आणि सकाळी प्लास्टिकवर आतून वाफ. मला वाटलं शिवणीतून पाणी येतंय म्हणून शिवणीवर मेण घासलं. तरी तेच. कोणी सांगेल का?

लॅबवाले_आजोबा · १४ जून, रात्री ११:४०

माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा. दोघांचेही दोन-दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे आहेत.

पहिला रात्रीचा पांढरेपणा. कॅमेऱ्याच्या लेन्सभोवती जे दिवे असतात ते अवरक्त किरण सोडतात, बहुतेक कॅमेऱ्यांत ८५० नॅनोमीटरचे. आपल्या डोळ्यांना फार तर मंद लाल ठिपका दिसतो, पण कॅमेऱ्यासाठी तो टॉर्चच असतो. टॉर्चसमोर काचेचा किंवा प्लास्टिकचा पडदा धरला की काही प्रकाश उलटा फिरून लेन्समध्ये येतो. खिडकीच्या आतून फ्लॅश टाकून फोटो काढा, काचेवर जो डाग येतो तो हाच. म्हणून लेन्ससमोर काहीही पारदर्शक नको. ताई, तुमचं टोपरं पुढून उघडं करा. घुमटासारख्या डोम कॅमेऱ्यात लेन्सभोवती काळ्या स्पंजची कडी असते, तीही याचसाठी. साफ करताना पुष्कळ लोक ती काढून टाकतात आणि मग कॅमेरा बिघडला म्हणतात.

दुसरा प्रश्न वाफेचा. ते पाणी बाहेरून आलेलं नाही, तुम्ही आत कोंडलेल्या हवेतलं आहे. कॅमेरा स्वतः कोमट असतो, बाहेरचं प्लास्टिक पावसाने गार पडतं, आतल्या दमट हवेतलं बाष्प त्या गार प्लास्टिकवर जमतं. डब्यात गरम पोळ्या ठेवून झाकण घट्ट लावलं की झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तसं. शिवण जितकी घट्ट कराल तितका त्रास जास्त. इरलं पाठ झाकतं, पोटाशी उघडं असतं, आणि तेच बरोबर आहे. वरून झाका, खालून मोकळं सोडा.

निळी_छत्री · १५ जून, सकाळी ७:१५

आजोबा, पोळ्यांचं उदाहरण दिलंत आणि लगेच कळलं. झालर मात्र परत लावणार.

तारवाला_वाडी · १५ जून, दुपारी १:०५

मी हेच काम करतो, कॅमेरे आणि इंटरकॉम, चौदा वर्षं झाली. आजोबांनी सांगितलं ते सगळं खरं आहे. पण काका, तुमच्या लिहिण्यात खरी गोष्ट शेवटी आहे आणि सगळ्यांनी ती सोडून दिली. दिवसा चालतो, दिवेलागणीला बंद पडतो. हे कॅमेऱ्यात पाणी गेल्याचं लक्षण नाही.

अंधार झाला की रात्रीचे दिवे लागतात आणि कॅमेरा जास्त करंट ओढतो. मध्ये कुठे जोड गंजलेला असेल तर तिथे व्होल्टेज पडतं. बारा व्होल्टचे पोचतात नऊ, कधी आठ. कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की दिवे विझतात, लोड जातो, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा चालू होतो. पुन्हा दिवे, पुन्हा बंद. रात्रभर हाच खेळ.

शिडी लावा आणि कॅमेऱ्याच्या मागून जी शेपटी निघते, जिथे व्हिडिओची पिन (बीएनसी) आणि करंटची पिन (डीसी) जोडलेली असते, ती जागा बघा. फोटो टाका. टोपीचं नंतर बघू.

आयपी_सदुसष्ट · १५ जून, दुपारी २:४८

मुळात टोपी हवीच कशाला? कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे तो धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. पुढचा ६ म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या नळीने मिनिटाला १०० लिटर पाण्याचा झोत किमान तीन मिनिटं मारून बघतात. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवतात. ज्याने एवढं सोसलं त्याला पावसाचं काय? तेलाचे डबे, टोपरी, सगळा हौसेचा मामला आहे.

तारवाला_वाडी · १५ जून, दुपारी ३:३०

दादा, आकडे बरोबर आहेत. पण ती परीक्षा नव्या कोऱ्या कॅमेऱ्याची होते. तीन उन्हाळे खाल्ल्यावर रबराची रिंग कडक होऊन भेगाळते, तिची परीक्षा कोणी घेत नाही. आणि तो आकडा कॅमेऱ्याच्या डब्याचा आहे, शेपटीचा नाही. शेपटीच्या टोकाला जी पिन आहे ती उघडीच असते. नेटवर्क कॅमेऱ्याच्या खोक्यात त्या टोकासाठी प्लास्टिकची एक फिरकीची टोपी आणि रबराची वायसर देतात. बसवायला पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून आमचेच बांधव ती खोक्यात सोडून देतात. तुमच्या घरी कॅमेऱ्याचं रिकामं खोकं असेल तर उघडून बघा.

आयपी_सदुसष्ट · १५ जून, संध्याकाळी ६:१०

बघितलं. तीन खोकी, तिन्हींत ती टोपी तशीच पिशवीत.

गप्प बसतो.

रत्नागिरीचा_पाऊस · १५ जून, रात्री ९:००

तुमच्या गुजरातेत पाऊस पडतो कुठे एवढा? आमच्याकडे या, चार महिने झड बघा. माझ्या आंब्याच्या बागेत तीन कॅमेरे आहेत, प्रत्येकावर एकेक नळीचं कौल तारेने बांधलंय. जुन्या गोठ्याची कौलं होती. भाजलेल्या मातीला ऊन लागो, पाऊस लागो, काही होत नाही, आवाज नाही, आत गरम होत नाही. माकड उडी मारतं तेव्हा फुटतं तेवढंच.

तिखट_शेवउसळ · १५ जून, रात्री ९:१२

वर्षाचा हिशेब तुमचाच मोठा, मान्य. पण ३१ जुलै २०१९ ला आमच्याकडे एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पडला होता आणि रस्त्यात मगरी फिरत होत्या. मगरी असतील तर बोला.

रत्नागिरीचा_पाऊस · १५ जून, रात्री ९:१५

मगरी नाहीत. हरलो.

समारोड_तळमजला · १५ जून, रात्री ११:२६

मगरींचा विषय निघालाच आहे तर आमचं ऐका. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये छातीपर्यंत होतं, दोन दिवस उतरलं नाही. गंमत अशी की कॅमेरे पहिल्या मजल्याच्या उंचीवर, त्यांना थेंब लागला नाही. मेला तो डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, कारण तो वॉचमनच्या खोलीत टेबलाखाली होता. बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय तर जमिनीपासून वीतभर वर भिंतीला ठोकलेला. कॅमेऱ्याला टोप्या शिवताय ते ठीक, पण डीव्हीआर आणि सप्लायला कसलाच आयपी आकडा नसतो. आम्ही आता दोन्ही जिन्यात दुसऱ्या मजल्यावर नेलेत. हार्ड डिस्क एका ओळखीच्याने वाळवून बघितली, काही मिळालं नाही. मगर आली होती की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

दुसरा_मजला_दांडियाबाजार · १६ जून, सकाळी ११:५०

शिडी लावली. खाली शेजारचा मुलगा धरायला उभा.

फोटो टाकलाय. ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्याच्या मागे भिंतीवर पांढरी पीव्हीसीची चौकोनी डबी आहे. वरची केबल त्या डबीत वरच्याच भोकातून शिरते. डबी उघडली तर आत चमचाभर पाणी, एक मेलेली गोम आणि कुंभारमाशीचं मातीचं घर. जोडावर काळी टेप होती. तिचा डिंक उन्हाने वितळून वायरीवर ओघळलाय आणि टेप सुटून लोंबतेय. डीसी पिनवर हिरवागार थर, हात लावला तर पिनचं टोक भुग्यासारखं हातात आलं. बीएनसीच्या आतही हिरवं.

वरचं भोक बंद करायला लावणाऱ्याने सिलिकॉन मारलेलं दिसतंय, पण ते भिंतीपासून सुटलंय. मला आठवतंय, तो मारत होता तेव्हा दिवसभर लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास येत होता.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर पत्रा आणि ही बिचारी पिन पाण्यात बसलेली. काय बोलणार.

लॅबवाले_आजोबा · १६ जून, दुपारी १२:३०

आंबट वास हा धागा सोडू नका. जे सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडतं ते ॲसेटिक ॲसिड सोडत असतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हिरवं होतं. तांब्याच्या तारेचं आणि पिनचं तेच झालं. काचा बसवायला ते सिलिकॉन चांगलं, विजेच्या जोडाजवळ नको. ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या. थोडं महाग पडतं, वाळायला वेळ लागतो, पण वास नाही आणि कळकत नाही.

शिवाय डीसी करंट आहे. ओल्या जोडात धन आणि ऋण टोकांत पाण्यातून सतत थोडा करंट वाहतो आणि धन टोकाचा धातू झिजत जातो. मुलामा देण्याच्या टाकीत हेच मुद्दाम करतात. तुमच्या डबीत ते फुकट चालू होतं, आणि कॅमेरा दिवसरात्र चालू असल्याने त्याला सुट्टीही नाही.

तारवाला_वाडी · १६ जून, दुपारी २:१५

आता कामाचं बोलू. हे तुम्ही स्वतः करू शकता, बारा व्होल्टचं आहे, फक्त सप्लायचं मेन बटण बंद करून करा, कारण सप्लायच्या दुसऱ्या बाजूला २३० आहे. आणि विजा कडाडत असताना शिडीवर चढू नका, लोखंडी शिडी तर नकोच.

गंजलेली पिन आणि बीएनसी कापून टाका, घासून वापरायच्या भानगडीत पडू नका. केबल सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलेलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. पाणी वायरीच्या आवरणाखालून दिव्याच्या वातीसारखं चढतं. कधी हात दीड हात कापावं लागतं. म्हणून नवीन केबल टाकताना प्रत्येक कॅमेऱ्यापाशी दोन हात जास्तीची गुंडाळी ठेवायची असते, आणि ती ठेवलेली मी अजून फार ठिकाणी बघितली नाही.

नवी पिन लावली की स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप घ्या. काळी साधी पीव्हीसी टेप नव्हे. रबराची टेप ताणून जवळपास दुप्पट लांब करायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवायचा. सुरुवात खालून, वर चढत जायचं, म्हणजे वेढे कौलांसारखे बसतात आणि पाणी घसरून जातं. वरून खाली गुंडाळलीत तर प्रत्येक वेढ्याच्या काठात पाणी अडेल. तासाभरात ती वितळल्यासारखी एकजीव होते. तिच्यावरून मग साधी काळी टेप, उन्हासाठी.

डबी उलटी करा. केबल वरून आत येताच कामा नये, खालच्या भोकातूनच आली पाहिजे. आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, पोटाएवढा. पाणी केबलवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाला थांबतं आणि टपकतं, वर चढून डबीत जात नाही. पागोळीला कडा मिळाली की ती तिथेच गळते ना, तसं. एवढा एक झोळ दिला असता तर तुमची गेल्या वर्षीची निम्मी भांडणं झाली नसती.

शेवटचं, डबीच्या तळाला चार-पाच मिलिमीटरचं एक भोक पाडा.

आयपी_सदुसष्ट · १६ जून, दुपारी २:४०

गप्प बसणार होतो, पण हे पटत नाही. पाणी येऊ नये म्हणून एवढा खटाटोप आणि मग स्वतःच्या हाताने भोक पाडायचं? सगळीकडून न्यूट्रल सिलिकॉनने बंद करा, विषय संपला.

तारवाला_वाडी · १६ जून, दुपारी ३:०५

बंद केलं तरी पाणी येतंच, आजोबांनी वाफेचं सांगितलं तसं. भोक असेल तर ते जातं. बंद डबी म्हणजे हळूहळू भरणारा पेला. चौदा वर्षांत उघडलेल्या डब्यांतल्या सगळ्यात वाईट डब्या त्याच होत्या ज्यांना चारी बाजूंनी सिलिकॉन होतं.

आयपी_सदुसष्ट · १६ जून, दुपारी ३:२०

मी माझ्या घरच्या तीनपैकी दोन डब्यांना भोक पाडतो आणि एक बंद ठेवतो. दिवाळीत उघडू. तोवर मी बरोबर आहे.

समारोड_तळमजला · १६ जून, संध्याकाळी ७:४४

भोकाला नायलॉनच्या मच्छरजाळीचा तुकडा लावा, नाहीतर गोम परत येईल.

पिनला व्हॅसलीन लावलं तर? आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला लावतो.

लॅबवाले_आजोबा · १६ जून, रात्री ८:३०

बॅटरी घरात सावलीत असते. पेट्रोलियम जेली साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान वितळते. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४३-४४ वर जाते, उन्हातली डबी त्याहून पुष्कळ तापते. वितळून वाहून जाईल. सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब मिळते, ती टिकते.

याच कारणाने इरल्याबद्दलही एक सूचना. पावसासाठी केलेलं झाकण उन्हाळ्यातही तिथेच राहणार. बहुतेक कॅमेरे ५० ते ६० अंशांपर्यंत चालतील असं लिहिलेलं असतं. अंगाला घट्ट बसणारी टोपी चढवलीत तर पावसातून वाचवलेला कॅमेरा मे महिन्यात भाजून निघेल. टोपी आणि कॅमेरा यांच्यात दोन बोटं तरी हवा खेळली पाहिजे. पत्रा वापरायचा तर वरून पांढरा रंग द्या.

रत्नागिरीचा_पाऊस · १६ जून, रात्री ८:४१

कौल. पुन्हा सांगतो, कौल.

निळी_छत्री · १७ जून, सकाळी ९:१०

वडोदऱ्यात आता नळीचं कौल कुठे मिळणार भाऊ? जुने वाडे पडले, कौलं मलब्यात गेली. आमच्याकडे छतावर जुनी काळी पाण्याची टाकी तडकून पडली आहे. तिचा तुकडा कापून चालेल का? गोलाई आहेच तिला.

लॅबवाले_आजोबा · १७ जून, सकाळी १०:००

उत्तम कल्पना. टाकीच्या काळ्या प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते, ती ऊन अडवते, म्हणून त्या टाक्या छतावर वर्षानुवर्षं टिकतात. पांढरं पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे आपला सिंगतेलाचा डबा, दोन उन्हाळ्यांत पापडासारखं मोडतं. फक्त काळा रंग तापतो, तेव्हा दोन बोटांऐवजी चार बोटं अंतर ठेवा.

दुसरा_मजला_दांडियाबाजार · २२ जून, रात्री ९:३५

रविवार कारणी लागला. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्याला उपयोगी पडेल.

आधी चारही जोड उघडले. फाटकावरचा छज्जाखाली असल्याने कोरडा निघाला. मागच्या गल्लीतल्याचं तर वर लिहिलंच आहे. पार्किंगचे दोन्ही कॅमेरे गेल्या वर्षी नवे घेतलेत, पण जोड जुनेच ठेवले होते. एक हिरवा व्हायला लागलाय, दुसरा अर्धा. म्हणजे यंदा पुन्हा तेच होणार होतं. पिना कापल्या, नव्या लावल्या. मागच्या गल्लीत दीड हात केबल काळी निघाली, तारवालेभाऊंचं म्हणणं तंतोतंत. रबराची टेप पहिल्यांदा उलटी गुंडाळली, सोडून पुन्हा केली. ती सोडताना हात आणि टेप एकजीव झाले होते. डब्या उलट्या, खाली भोक, जाळी, झोळ. त्या रात्री मागचा कॅमेरा दिवेलागणीला बंद पडला नाही. मी साडेसातपासून मोबाईलवर बघत बसलो होतो, घरचे म्हणाले मालिका तरी लावा.

मग इरली. सांडपाण्याच्या ११० मिलिमीटरच्या करड्या पाइपचा उरलेला तुकडा पडून होता. वीत सव्वा वीत लांबीचे तीन तुकडे केले. हॅकसॉने खालचा तिसरा भाग लांबीने कापून काढला, म्हणजे उरला तो बैलगाडीच्या टपासारखा आकार. कापलेली कड घासून घ्या, माझ्या अंगठ्याला अजून पट्टी आहे. वरून पांढरा रंग. भिंतीला एल आकाराच्या दोन पट्ट्या, त्यांना बोल्ट, कॅमेऱ्याला कुठेही स्पर्श नाही. भिंत आणि पाइप यांच्यामध्ये फट राहते तिथे वरून ओघळ येतो, तेवढ्या कडेला न्यूट्रल सिलिकॉन मारलं. पावसाचा आवाज पत्र्यापेक्षा पुष्कळ कमी. काकूंनी हिरवा कंदील दाखवलाय.

एक चूक केली ती सांगतो. टप पुढे किती काढायचा हे मी दिवसा चित्र बघून ठरवलं. दिवसा कडा कुठेच दिसत नव्हती, खूश झालो. रात्री वरचा एक तृतीयांश भाग पांढरा! दिव्यांचा झोत कॅमेऱ्याच्या नजरेपेक्षा जास्त फाकतो, तो टपाच्या आतल्या बाजूवर आपटून परत येत होता. रात्री पुन्हा चढून दोन बोटं मागे सरकवला आणि पुढच्या आतल्या कडेला काळा मॅट रंग दिला. म्हणून मापं रात्रीच घ्या.

रत्नागिरीचा_पाऊस · २२ जून, रात्री ९:५०

बैलगाडीचा टप! पटलं. कौलाचा हट्ट सोडतो.

तारवाला_वाडी · २२ जून, रात्री १०:०५

झकास काम. दोन गोष्टी. पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला तोंड असलेल्या कॅमेऱ्यावर आपल्याकडे पाऊस आडवाच येतो, तिथे कुठल्याही टपाने लेन्स कोरडी राहणार नाही. जमलं तर कॅमेऱ्याचं नाक थोडं खाली करा, थेंब काचेवर थांबत नाही. आणि टपाखाली कोळी जाळं करणार, नक्की. रात्रीच्या दिव्यांत एक धागाही दोरखंडासारखा दिसतो आणि हलला की मोबाईलवर 'हालचाल' म्हणून घंटी वाजते. पंधरा दिवसांनी लांब झाडूने साफ करा. उत्तरायणानंतर सगळ्या वायरी एकदा बघा, मांजाने सालं निघतात आणि ती जागा पुढच्या पावसात पाणी पिते.

आणि काका, गेल्या वर्षी काढलेले जुने दोन कॅमेरे कुठे आहेत? तो घेऊन गेला का?

दुसरा_मजला_दांडियाबाजार · २२ जून, रात्री १०:१२

नाही, माळ्यावर आहेत. 'कामास येतील' या डब्यात. का?

तारवाला_वाडी · २२ जून, रात्री १०:१४

पिन कापून नवी लावा आणि टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा बारा व्होल्टचा अडॅप्टर असेल तर त्यावर लावून बघा. आतलं टोक धन आहे ना, ते आधी अडॅप्टरच्या चित्रावर तपासून घ्या.

दुसरा_मजला_दांडियाबाजार · २३ जून, रात्री ८:४०

एक चालू झाला. चित्र स्वच्छ, रात्रीचे दिवेही लागतात. दुसऱ्याच्या काचेमागे खरंच पाणी आहे, तो गेला.

म्हणजे साडेचार हजारांतले निम्मे एका पिनेसाठी गेले. पिन वीस रुपयांची.

रविवारी बैठक आहे. सांगू का नको?

निळी_छत्री · २३ जून, रात्री ८:५५

सांगा. चालू झालेला कॅमेरा टेबलावर ठेवूनच सांगा.

तिखट_शेवउसळ · २३ जून, रात्री ९:०१

नक्की सांगा काका. एवढे पैसे पाण्यात घालवलेत म्हटल्यावर सेक्रेटरीपदातून तरी सुटाल.

दुसरा_मजला_दांडियाबाजार · ३० जून, दुपारी १२:२०

सांगितलं. पंधरा मिनिटं बोलणी खाल्ली. मग मागच्या गल्लीतला टप सगळ्यांना दाखवायला नेलं, तेवढ्यात सर आली, सगळे माझ्याच टपाखाली डोकं घालायला बघत होते. काकू म्हणाल्या, एवढं बारकाईने काम दुसरं कोण करणार?

चौथ्या वर्षीही मीच. यंदा बैठकीला वेळेवर गेलो होतो.